जात्याचा ठसा

बाईंनी माझी चप्पल मागितली तेव्हा मला वाटलं, त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असेल. मी काढून दिली. ती घेऊन त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. शेवटी मी डोकावले. चप्पल पालथी करून त्यांनी तिच्या तळाला काळी शाई लावली होती, वर पतंगाचा कागद पसरला होता आणि स्टीलच्या वाटीच्या बुडानं तो कागद हलक्या हातानं घोटणं चाललं होतं. कागद उचलला, तर त्यावर माझ्या चपलेचा तळ उमटला होता. टाचेची डावी कड झिजून गेली होती, तेवढी जागा कोरी राहिली होती.

"तू डाव्या अंगावर भार देऊन चालतीस," बाई म्हणाल्या. "तुझ्या घरात असं अजून कोण चालतं?"

मला आठवेना. मग जिना चढता चढता आठवलं. माझे वडील. त्यांच्या चपला नेमक्या तिथंच झिजायच्या आणि आई त्यावरून बोलायची. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

जिंतूरच्या एसटी डेपोत लिपिक म्हणून माझी बदली झाली आणि बाईंच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला आले, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. मी नगरकडची. मला इथं कुणी ओळखत नव्हतं आणि बाईंना सगळं गाव ओळखत होतं. त्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भाजीवाल्यापासून माझ्या डेपोच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत, कारण निम्म्यांनी त्यांचा मार खाल्लेला होता.

पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मध्यभागी लोखंडी हातयंत्र होतं, लग्नपत्रिका छापणारी एक जुनी प्रेस बंद पडली तिथून उचलून आणलेलं. भोवती शाईचे डबे, रबरी रूळ, कोरण्या, कोरून छाप काढायच्या रबरासारख्या लिनोचे तुकडे. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर चिमट्यांनी लटकवलेले ओले कागद. पाहुणा आला की त्याला कागदांखालून वाकून आत यावं लागायचं. बाई म्हणायच्या, "चांगलं आहे. आपोआप नमस्कार होतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रं काढणं सोडून दिलं होतं. "आयुष्यभर पोरांना डोंगर आणि झोपडी शिकवली. आता जे हातात येतं त्याचाच ठसा काढते. डोक्यातलं काही नाही." त्यांनी कशाकशाचे ठसे काढले होते ते सांगत बसले तर लांबेल. दरवाजाच्या फळ्या, गोधडीचे टाके, चाळणी, कापसाचं बोंड, शेजारच्या बाळंतिणीच्या घरची खाट. एकदा गरम भाकरीला शाई लावायला गेल्या आणि भाकरी मोडली, तर भाकरीवरच चिडून बसल्या. लिनोवरही कोरायच्या, पण ते क्वचित. एखादी गोष्ट ठशात धरता येत नसली, तरच.

येलदरीच्या धरणावर मासेमारी करणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी अधूनमधून मोठा राहू घेऊन यायचा. त्या दिवशी घरात सण असायचा. काजळ गोडेतेलात खलून ते माशाला लावायचं, कागद दाबायचा, खवलं न खवलं कागदावर आलं की मासा धुऊन थेट विळीवर. जेवायला मी, शेजारीण आणि बाईंचे बांगडीवाले मामेभाऊ. भाऊ दर वेळी माशाचा तुकडा उजेडात धरून विचारायचे, "आपा, काजल निकला ना पूरा?" बाई म्हणायच्या, "निकला नसला तरी डोळे चांगले होतील."

ते 'आपा' ऐकून मी पहिल्यांदा चमकले होते. कारण तोवर मी बाईंना जयंतीच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून बायकांच्या पहिल्या रांगेत चालताना पाहिलं होतं. डेपोतल्या एका सहकाऱ्यानं मला चहाच्या टपरीवर हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या घरमालकीण नेमक्या कुणात मोडतात? आमी बारीक असल्यापासून बघायलोय, पण अजून कळलं न्हाई." मला तरी कुठं कळलं होतं. ईदला त्या मामाच्या घरी दिवसभर असायच्या, बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटायच्या. मामाकडे त्यांना एका नावानं हाक मारायचे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच नाव होतं. बाई दोन्ही नावांना ओ द्यायच्या.

मी विचारायचं टाळत होते. शेवटी त्यांनीच एकदा विषय काढला. लिनोचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाच." मला वाचता येईना. वरच्या ओळीत देवनागरी होती, पण उलटी. खालच्या ओळीत उर्दू असावी असं वाटलं.

"वर बापाचं नाव, खाली आईचं. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. म्हणजे मराठी उजवीकडनं सुरू करायची आणि उर्दू डावीकडनं." त्या हसल्या. "मला वाटलं होतं, अवघड जाईल. पण लहानपणापासून तेच करत आले ना."

मग त्यांनी सांगितलं. वडील राणीसावरगावच्या बाजूच्या एका खेड्यातले, बौद्ध. येलदरीच्या वीजघरात वायरमन म्हणून लागले. जिंतूरला खोली घेतली, ती बांगडीवाल्यांच्या गल्लीत. आई त्या बांगडीवाल्यांची मुलगी. दोघांनी परभणीला जाऊन सह्या करून लग्न केलं. आईच्या घरचे वर्षभर बोलले नाहीत, मग बाई जन्मल्या तेव्हा मामा टोपडं घेऊन आले आणि सगळं मिटलं. वडिलांच्या घरचं मात्र कधीच मिटलं नाही.

"आईला त्या घरानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दारातनं परत पाठवलं. आई हेच सांगत आली मरेपर्यंत."

आतल्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा लिनोचा ठसा होता. जाड फळ्यांचं बंद दार आणि त्यावर भलं मोठं काळं कुलूप. बाईंनी डोक्यातून काढलेलं ते बहुधा एकच चित्र असेल. बाहेरगावचे चित्रकार कधी आले की त्याच्यासमोर उभे राहायचे, आणि बाई त्यांना आईची गोष्ट सांगायच्या. मी ती त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली. दर वेळी त्यांचा आवाज त्याच शब्दाला खाली जायचा.

संभाजीनगरहून प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा बाईंनी ठरवलं, एका मोठ्या कागदावर आई आणि बाप दोघांकडच्या वस्तूंचे ठसे घ्यायचे. आईकडचं भरपूर होतं. पानदानाचं झाकण, बांगड्या रचायची लाकडी दांडी, शेवया वळायचा पाट, मामीच्या ओढणीची किनार. बापाकडचा एक टेस्टर आणि एक पक्कड. "ती दोन्ही सरकारी," बाई म्हणाल्या. कागदाची एक बाजू गच्च भरली आणि दुसरी रिकामी राहिली. काही दिवस बाई त्या कागदाभोवती नुसत्या फिरत होत्या. मग एका सकाळी माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"राणीसावरगावला गाडी कशी आहे?"

"परभणी, तिथून गंगाखेड, तिथून पुढं. कशाला?"

"त्या घरात जातं असेल की. आजीचं. त्याचा ठसा घेते आणि येते. तुला सुट्टी कधी आहे?"

सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. बाईंनी पिशवीत रूळ, शाई, कागदाची गुंडाळी आणि ती वाटी घेतली होती. वाटेत त्या जरा जास्तच बोलत होत्या. दारातून परत पाठवलं तर काय म्हणायचं, याची त्यांनी माझ्यासमोर तालीम केली. "म्हणायचं, मला काही नको. शेत नको, घर नको. फक्त दगडावर कागद ठेवू द्या."

गावात विचारत विचारत घर सापडलं. मातीचं जुनं घर कधीच पाडलेलं होतं, त्या जागी सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रे. चित्रातल्या दारासारखं काही तिथं नव्हतं. ओट्यावर एक म्हातारी सुपात हरभरा निवडत बसली होती. घरातली बाकीची माणसं रानात गेलेली.

"कोण हाव तुमी? दवाखान्याच्या का?"

"नाही. मी तुमच्या धाकट्या दिराची मुलगी. जिंतूरची. आजीचं जातं बघायचं होतं."

म्हातारीचे हात थांबले नाहीत. खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "लाईटीवाल्याची?"

"त्यांचीच."

"बस की मग. हुबी कशाला ऱ्हायलीस? च्या टाकते."

"नक्को," बाई पटकन म्हणाल्या.

म्हातारीनं पहिल्यांदाच नीट वर बघितलं. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली. "तुझी माय बी असंच मनायची. नक्को. असा जोर देऊन."

"तुम्ही तिला कुठं ऐकलंत?"

"कुठं मंजी? हितंच. ह्याच घरात. सबंध पावसाळा काढला की तिनं हितं. लग्न झाल्यावर."

बाई ओट्याच्या कडेला बसल्या. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, कारण ती खाली पडत होती.

"तिला आत घेतलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "दारातनं परत पाठवलं होतं."

"कोण मनलं?"

"आई."

म्हातारी हसली. तोंडात दोन-तीनच दात होते. "रागानं मनली आसल. मला बी कुणी विचारलं तर मी बी तेच मनायचे. ती आलीच न्हाई हिकडं, आमी काय तिला बघितलं न्हाई. दोघी बी सारख्याच." मग सूप खाली ठेवून ती उठली. "जातं बघायचंय मनलीस ना? ये."

घरामागं न्हाणीच्या जागी पाय घासायला एक गोल दगड पुरलेला होता. जात्याची खालची तळी. वरची कधीतरी फुटून गेली होती. त्यावर साबणाचा आणि शेवाळाचा थर होता. म्हातारीनं नारळाची शेंडी घेतली आणि कुणाला काही करू न देता स्वतःच तो दगड घासायला बसली. घासता घासता बोलत होती.

"समोरासमोर बसून दळायचो आमी. तिला सवय न्हवती, हाताला फोड यायचे. पण बसायची. मी ओवी मनायचे, तिला काय येत न्हवती, ती तिचंच काय तरी मनायची. मला कळायचं न्हाई, पण गळा लय चांगला होता. जातं बरोबर दळंना मनून टाकी बी तिनंच लावून घेतली. वडाराला बोलवून आनलं, आन् त्याच्या डोक्यावर हुबी ऱ्हाऊन हे चर पाडून घेतले."

बाई दगडाकडे बघत होत्या. पाण्याखालून बारीक चर वर येत होते.

"मग गेली का?"

"भांडलो आमी."

"धर्मावरून?"

"मिठावरून." म्हातारीनं शेंडी बाजूला ठेवली. "भाजीत ती बी मीठ घालायची आन् मी बी घालायचे. तू घालू नको मनलं तर दोघी बी ऐकना. एकदा सगळी भाजी ओतून द्यावी लागली. मी लय बोलले. तिनं बी सोडलं न्हाई. सासू मधी पडली तर तिला बी बोलली. तुझा बाप आला आन् घेऊन गेला. मंग कुणी कुणाच्या दारात गेलंच न्हाई."

"लोक काही बोलत नव्हते?"

"बोलायचे की. गावातले बोलायचे, आपल्यातले बी बोलायचे. मी बी बोलले आसल, आता खोटं कशाला मनू. पन पावसाळाभर ती तशातबी ऱ्हायली. गेली ती मिठावरूनच."

बाई दगडाशी खाली बसल्या. दगड पुसला, शाई लावली. कागद पसरून वाटीनं घोटायला लागल्या, तशी म्हातारी शेजारी उकिडवी बसून बघायला लागली. कागदावर हळूहळू मधलं भोक आणि भोवतीचे चर दिसायला लागले. मागं एकदा त्यांनी मला सांगितलं होतं की ठसा घेताना मन रिकामं असावं लागतं. त्या दिवशी ते नव्हतं, पण ठसा चांगला आला.

"ह्याच्यावर दळता येतंय का?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"मंग कागद कशाला खराब केलास?"

निघताना बाई तिला काकू म्हणाल्या. "काकू काय मनतीस. तुझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायकू हाय मी. मोठमाय मन." बाईंनी मोठमाय म्हटलं, पण ते नीट तोंडातून आलं नाही.

परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. परभणीच्या स्थानकात गाडी बदलायला उतरलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मिठावरून?" जणू मला माहीत असणार होतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. बाई आईवर चिडल्या होत्या आणि आई भांडायला जागेवर नव्हती. मामेभावाला बोलावून विचारलं, तर ते बाईंच्या आईबद्दल एवढंच म्हणाले, "फुप्पी उस बात पे कुछ बोलतीच नहीं थी, आपा." बंद दाराच्या चित्रासमोर त्या येता-जाता थांबायच्या. प्रदर्शनाला तेच चित्र पहिल्या भिंतीवर लागणार होतं.

"पाठवतच नाही मी काही," एक दिवस त्या म्हणाल्या.

"पण बाई, लोकांना कुठं माहीत आहे?"

"लोकांचं सोड. मी ते दार दाखवून किती जणांना रडवलंय. स्वतः पण रडलेय. मी कोण, असं कुणी विचारलं की त्या दाराकडे बोट दाखवायचं, एवढंच मला येत होतं. आता कशाकडे दाखवू?"

मी दोरीवरचा सुटलेला चिमटा परत लावला.

लिनोमध्ये एकदा कोरलेलं परत भरता येत नाही, आणखी कोरता मात्र येतं. दोन दिवसांनी कामावरून आले, तर बाई जुना ठोकळा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दाराच्या फळ्या तशाच होत्या. कुलूप त्यांनी कडेकडेनं सगळं खरवडून काढलं होतं. यंत्रातून कागद काढला तेव्हा काळ्या दारावर कुलपाच्या आकाराचं एक पांढरं भगदाड दिसलं.

"दार उघडं केलंत का?" मी विचारलं.

"नाही. दार तसंच आहे. कुलूप कुणी लावलं ते मला माहीत नाही, म्हणून काढून टाकलं."

हे चित्र आणि तो मोठा कागद, दोन्ही पाठवायचं ठरलं. कागदाच्या रिकाम्या बाजूला आता जात्याची तळी होती. मी निरखून पाहिलं, तर पानदानाच्या झाकणाची एक कड त्या चरांवर किंचित चढली होती. बाई म्हणाल्या, चुकून झालं. एरवी अशा चुकीला त्या कागद फाडून टाकायच्या.

याच धांदलीत मोठमाय आली. नातू लग्नाला येलदरीकडे चालला होता, त्याच्याबरोबर येऊन ती जिंतूरला उतरली. "बघून जाते मनलं, कशी ऱ्हातीस." बाईंनी तिला माझ्या खोलीच्या खालची मागची खोली दिली, गादी दिली, पंखा लावून दिला. दोन दिवस दोघी एकमेकींशी फार जपून वागत होत्या. बाई तिला वाढताना विचारायच्या, अजून घ्याल का. ती म्हणायची, तू घे आधी. बांगडीवाले भाऊ तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आले तर ती पदर सावरून बसली. त्यांनी तिच्या सुरकुतलेल्या हातात बांगड्या इतक्या अलगद चढवल्या की तिला कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आवरत होते तेव्हा खालून बाईंचा आवाज आला. मी धावत उतरले. मोठमायनं अंघोळ करून लुगडं धुतलं होतं आणि पुढच्या खोलीतल्या दोरीवर वाळत घातलं होतं, थेट ओल्या ठशांवर. लुगड्यातलं पाणी गळून तीन कागदांवरची शाई पसरली होती. प्रदर्शनासाठी काढलेल्या नव्या प्रती.

"दिसत नाही का इथं कागद आहेत?"

"दोरी कपड्याला आसती का कागदाला?"

"माझ्या घरात कागदाला असते."

"तुझ्या घरात पाहुण्यानं वल्लं लुगडं कुठं घालावं मग? डोक्यावर?"

"विचारायचं तरी."

"विचारायचं? मी? तुला?"

त्यापुढचं मी लिहीत नाही. बाई मराठीतून मामाकडच्या दखनीत गेल्या, आणि मोठमाय मराठीतच राहिली पण तिचा आवाज वाढत गेला. शेवटी तिनं ओलं लुगडं पिळून पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, मला गाडीला बसवून द्या. बाईंनी अडवलं नाही. मी कामावर निघालेच होते, म्हणून मीच तिला डेपोत घेऊन गेले.

गंगाखेडच्या बाजूची गाडी यायला वेळ होता. मी तिला बाकावर बसवून चहा आणून दिला. ती बशीत ओतून फुंकर मारत राहिली. मला वाटलं, बाईंनी एवढ्या मुश्किलीनं मिळवलेलं एक माणूस असं गेलं. मी म्हटलं, "आजी, बाई मनानं वाईट नाहीत."

"वाईट कोण मनलं?" तिनं बशी खाली ठेवली. "आईच्याच तोंडाची हाय. रागात आली की तशीच मान वाकडी करती आन् तसंच त्या भाषेत बोलती. मला वाटलं, तीच हुबी हाय म्होरं. लय वर्सांनी भांडल्यावानी वाटलं." मग ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "तिला सांगू नकोस हां. आनखी चढंल."

गाडी आली. मी तिला पुढची जागा धरून दिली.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. चेहरा उतरलेला होता. मी पिशवी खाली ठेवली आणि मोठमाय जे म्हणाली होती ते सगळं सांगून टाकलं, एक शब्द न गाळता. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. बाईंनी पिठाचा हात तसाच वर धरला होता.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "मान कशी वाकडी करते म्हणाली?"